एका गल्लीतले दोन ताप

कोल्हापूरजवळ, शिरोली एमआयडीसीच्या अलीकडच्या एका वस्तीत, एका पावसाळ्यात एकाच गल्लीत दोन वेगळे ताप सापडले. एक डेंग्यू, दुसरा काळा आजार, म्हणजे कालाजार. डेंग्यू गल्लीतल्याच साठवलेल्या पाण्यात वाढलेल्या डासांनी पसरवला होता. काळा आजार बिहारमधल्या एका गावात वाळूमाशीच्या चाव्यातून एका फौंड्री कामगाराच्या अंगात शिरला होता आणि त्याच्याबरोबर इथवर आला होता. गल्लीनं दोन्हींचा दोष त्या कामगारावर टाकला आणि त्याला व त्याच्या सोबत्यांना खोल्या खाली करायला सांगितल्या. म्हणून ही केस सविस्तर लिहितो आहे. ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

गल्ली कशी आहे

साधारण चाळीस उंबरे. एका बाजूला पक्की, दुमजली घरं. दुसऱ्या बाजूला भाड्यानं दिलेल्या पत्र्याच्या खोल्या, त्यात फौंड्रीत मोल्डिंग आणि फेटलिंग करणारी बिहार-उत्तर प्रदेशातली पोरं. मध्ये तालीम, तिच्या शेजारी एक लेथचं वर्कशॉप. गल्लीच्या टोकाला म्हशींचा गोठा आणि त्याच्या मागं जुन्या वाड्याची उरलेली पांढऱ्या मातीची भिंत. नळाला पाणी एक दिवसाआड, त्यामुळं प्रत्येक दारात निळं बॅरल, काही परड्यांत सिमेंटचे हौद.

खोल्यांतल्या पोरांची एक गोष्ट पुढं कामाची ठरली. एका खोलीत सहा-सात जण, पण अंथरुणं तीन-चारच. रात्रपाळीवाला सकाळी येऊन झोपतो, तेव्हा दिवसपाळीवाला कामावर गेलेला असतो. म्हणजे या खोल्यांत भर दिवसा कुणीतरी उघड्या अंगानं गाढ झोपलेलं असतंच.

जूनपासूनचा ताप

ऑगस्टच्या मध्यावर त्यातला एक तरुण माझ्याकडं आला. वय बावीस. ताप जूनच्या शेवटापासून. मधे उतरायचा, पुन्हा चढायचा. हिवतापाच्या गोळ्या झाल्या होत्या, विडाल तपासणीवरून टायफॉइडचं प्रतिजैविक दोनदा झालं होतं. वजन इतकं उतरलं होतं की कमरेचा पट्टा नवीन भोकं पाडून आवळलेला. भूक मात्र बऱ्यापैकी टिकून होती. हातात रक्ताचा रिपोर्ट होता: हिमोग्लोबिन कमी, पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट कमी. त्याच रिपोर्टवर कुणीतरी त्याला डेंग्यू सांगितला होता.

पावसाळ्यात प्लेटलेट कमी दिसल्या की डेंग्यू, हे आपल्याकडं आता रुग्ण स्वतःच ठरवून येतात. पण डेंग्यूचा ताप आठवड्यात सुटतो, आणि काही बिघडायचं असेल तर तेही त्याच आठवड्यात बिघडतं. सात आठवडे चाललेला ताप डेंग्यू नसतो, प्लेटलेट कितीही खाली असोत. पोटाला हात लावला आणि उरलीसुरली शंका गेली. प्लीहा (पाणथरी) डाव्या बरगडीखाली चार बोटं उतरलेली, घट्ट, हाताला स्पष्ट लागणारी. डेंग्यूत एवढी प्लीहा वाढत नाही. जुनाट हिवतापात वाढते, पण त्याच्या रक्ताच्या काचेवर हिवतापाचे परजीवी वारंवार शोधूनही मिळाले नव्हते.

मग गाव विचारलं. सारण जिल्हा. मागच्या छठला गावी गेला तो घराचं काम आणि बहिणीचं लग्न उरकून होळीनंतर परतला. घर मातीचं, गाय-बैल भिंतीला लागूनच बांधलेले, हा ओसरीवर जमिनीवर झोपायचा. थोरल्या भावाला काही वर्षांपूर्वी कालाजार झाला होता. तो बरा झाला, आता चेहऱ्यावर फिकट डाग आहेत, पण दुखत-खुपत काही नाही म्हणून कुणी दाखवलेले नाहीत.

भावाच्या त्या डागांवर मी पुन्हा येणार आहे. दोन आठवड्यांहून जास्त ताप, वाढलेली प्लीहा आणि काळ्या आजाराच्या पट्ट्यातलं गाव, एवढं जमलं की आरके-३९ ही बोटाच्या थेंबावरची चाचणी करायची असते. आपल्या भागात ती सहज हाताशी नसते. मोठ्या रुग्णालयात पाठवलं, तिथं ती सकारात्मक आली. अस्थिमज्जेच्या नमुन्यात पेशींच्या आत बसलेले परजीवीही दिसले. विल्यम लिशमन आणि चार्ल्स डोनोव्हन यांनी 1903 मध्ये वेगवेगळं काम करून ज्यांची ओळख पटवली, तेच हे परजीवी. त्यांना आजही दोघांच्या नावानं एल-डी बॉडी म्हणतात.

त्याच आठवड्यातले बाकीचे ताप

तो रुग्णालयात दाखल झाला त्याच सुमारास गल्लीत तापाची लाट आली. घरमालकांची सून, तालमीसमोरचे दोन शाळकरी भाऊ, गोठ्याचे मालक आणि खोल्यांतले रात्रपाळीचे तीन कामगार. अचानक चढलेला ताप, डोळ्यांच्या मागं दुखणं, अंग मोडून येणं. पहिल्या पाच दिवसांत आलेल्यांची एनएस-१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी) तपासणी सकारात्मक, उशिरा आलेल्यांत आयजीएम (त्याविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं). सगळा डेंग्यू. उपचार नेहमीचेच: पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, आणि ब्रुफेन-ॲस्पिरिनला हातही लावायचा नाही, कारण त्यांनी रक्तस्राव वाढतो. सून मात्र ताप उतरल्यावर बिघडली. पोटात सतत दुखणं, उलट्या थांबेनात, अंगात त्राण नाही. ताप गेला म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि नेमकी तीच घडी धोक्याची असते. तिला दाखल करावं लागलं. बरी होऊन घरी आली.

पण ती रुग्णालयात असतानाच घरमालक, गल्लीचे आबा, दवाखान्यात आले. चेहरा उतरलेला, आवाज चढलेला.

"डॉक्टर, ही पोरं तिकडनं आजार घेऊन आल्यात. एकाला त्यो काळा ताप निघाला, आन् आठ दिसांत आख्खी गल्ली पडली. माझी सून सलाईनवर हाय. मी खोल्या खाली करायला सांगितल्यात."

"आबा, त्या पोराचा ताप डासानं पसरत नाही. आणि सूनबाईंचा ताप वाळूमाशीनं येत नाही. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही."

"माशी काय आन् डास काय, चावणार त्ये चावणारच की."

आबांचा राग समजण्यासारखा होता. घरातलं माणूस सलाईनवर असताना कुणीही आधी परक्याकडं बोट दाखवतो. पण त्यांच्या शेवटच्या वाक्यात या सगळ्या प्रकरणाची गाठ होती. चावणारा किडा कोणता, हा किरकोळ तपशील आहे असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात सगळं त्याच्यावरच ठरतं. आजार कुठून आला, पुढं पसरेल का, पाणी उपसायचं की भिंत लिंपायची, हे सगळं किडा ओळखल्याशिवाय सांगताच येत नाही.

किड्याच्या पोटात काय घडतं

डास आजार नुसता वाहून नेत नाही. एकाचं रक्त सोंडेला लागलं आणि दुसऱ्याला टोचलं, असा हा व्यवहार असता तर एड्ससुद्धा डासांनी पसरवला असता. तो पसरत नाही, कारण तो विषाणू डासाच्या पोटात तग धरत नाही. जो रोगजंतू किड्याच्या पोटात जगतो, वाढतो आणि पुन्हा बाहेर पडायची वाट शोधतो, तोच त्या किड्यामार्फत पसरतो. रोनाल्ड रॉस यांनी 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत डासाच्या जठराच्या भिंतीवर हिवतापाचे परजीवी पाहिले, तेव्हा नेमकं हेच हाती लागलं होतं: किडा हा त्या जंतूच्या आयुष्यातला एक मुक्काम आहे.

डेंग्यूचा विषाणू एडिस इजिप्ती या डासाच्या मादीत आधी जठराच्या पेशींत वाढतो, मग अंगभर पसरतो आणि शेवटी लाळग्रंथीत पोचतो. याला साधारण 8 ते 12 दिवस लागतात. तोवर ती मादी चावली तरी डेंग्यू देत नाही. त्यानंतर जिवंत असेपर्यंत देत राहते. रक्त गोठू नये म्हणून ती लाळ सोडते, त्या लाळेतून विषाणू आपल्यात येतो. एडिस चुळबुळी आहे. जरा हात हलवला की उडते आणि शेजारच्याला चावते, एकाच जेवणात घरातल्या तिघांना पुरते.

वाळूमाशीचं सगळंच निराळं. तिला लांब सोंड नाही. आखूड मुखांगानं ती कातडी कापते, तिथं रक्ताचं बारीक तळं साचवते आणि ते पिते. काळ्या आजाराच्या रुग्णाचं रक्त प्यायली की परजीवी तिच्या आतड्यात शेपटीवाल्या रूपात वाढायला लागतात आणि साधारण आठवड्या-दहा दिवसांत पुढच्या बाजूला गर्दी करून बसतात. ते एक चिकट द्रव सोडतात, त्यानं माशीचा घसाच तुंबतो. पुढच्या वेळी रक्त ओढायचं तर आधी ते तुंबलेलं बाहेर टाकणं तिला भाग पडतं, आणि ते पडतं आपल्या जखमेत. तिथं आपल्याच संरक्षक पेशी त्या परजीवींना गिळतात. परजीवी त्या पेशींत मरण्याऐवजी मुक्काम ठोकतात, प्लीहा, यकृत, अस्थिमज्जा व्यापतात. त्या तरुणाच्या तिन्ही प्रकारच्या रक्तपेशी कमी झाल्या होत्या त्या यामुळं.

भारतात हे काम फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस ही जात करते. 1924 पासून तिच्यावर संशय होता. स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी 1942 मध्ये आसामात स्वयंसेवकांवर प्रयोग करून तिच्या चाव्यातून आजार होतो हे सिद्ध केलं. आपल्याकडच्या काळ्या आजाराची आणखी एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: इथं हा आजार माणसाकडून माशीकडं आणि माशीकडून माणसाकडं असाच फिरतो. कुत्रा, गाय, उंदीर कुणी मधे लागत नाही. गाई-म्हशींचा संबंध एवढाच, की माशीला त्यांचं रक्त आवडतं आणि त्यांच्या शेणमुताच्या ओलीत तिच्या अळ्या वाढतात.

बॅरलं, टायर आणि फ्रिजमागचा ट्रे

गल्लीतला डेंग्यू आला कुठून, याचं उत्तर दिवस मागं मोजून मिळालं. डासाच्या पोटातले 8 ते 12 दिवस, त्यात माणसाच्या अंगात ताप दिसेपर्यंतचे साधारण 4 ते 7 दिवस मिळवायचे. म्हणजे एका रुग्णापासून पुढची फळी उभी राहायला दोन ते अडीच आठवडे. लाट आली त्याच्या तेवढंच आधी तालमीसमोरच्या घरातल्या नऊ वर्षांच्या मुलीला ताप येऊन गेला होता. राखीपौर्णिमेच्या आधी ती मामाकडं इचलकरंजीला गेली होती, तिथं शेजारी डेंग्यूचे रुग्ण होते. परत आल्यावर तापात घरीच होती, दिवसभर पुढच्या खोलीत झोपून. तापाच्या त्या दिवसांत तिला चावलेले डास पुढच्या पंधरवड्यात गल्लीभर चावत होते. बिहारचा तरुण होळीनंतर इथंच होता. डेंग्यूच्या हिशेबात तो कुठंच बसत नव्हता.

हे मी त्या मुलीच्या घरच्यांना दोष लागावा म्हणून सांगत नाही, आणि गल्लीतही तिचं नाव निघू दिलं नाही. ताप कुठूनही येऊ शकतो. तो इथं टिकला तो पाण्यामुळं.

प्राथमिक आरोग्य केंद्राचे आरोग्य सेवक, आशाताई आणि तालमीची पोरं मिळून घराघरात भांडी बघत गेले. चाळीसपैकी तेरा घरांत एडिसच्या अळ्या निघाल्या. बॅरलात टॉर्च मारला की त्या पृष्ठभागाला शेपटाकडून तिरप्या लटकलेल्या दिसतात. सावली पडली की वळवळत तळाला जातात. पोरांनी आधी कधी नीट पाहिलं नव्हतं. पाणी पांढऱ्या ताटलीत घेऊन दाखवल्यावर एक जण म्हणाला, "ह्ये तर आमच्या हौदात रोज असतंय की. आम्ही म्हणायचो, पाण्यातलं किडं."

सगळ्यात जास्त अळ्या तीन ठिकाणी होत्या. वर्कशॉपबाहेरच्या जुन्या टायरांच्या थप्पीत. आबांच्या स्वतःच्या गच्चीवरच्या, झाकण फुटलेल्या टाकीत. आणि दोन घरांत फ्रिजच्या मागच्या त्या चपट्या ट्रेमध्ये, जिथं बर्फ वितळून पाणी साचतं आणि जो कुणी कधी ओढून बघत नाही. खोल्यांतल्या कामगारांकडं साठवलेलं पाणी सगळ्यांत कमी होतं. त्यांच्याकडं भांडीच मोजकी. दिवसा झोपायची वेळ आणि एडिस चावायची वेळ एक, म्हणून ती पोरं आजारी पडली. त्यांनी डेंग्यू आणला नव्हता. त्यांना तो गल्लीनं दिला होता.

आबांना गच्चीवर नेऊन टाकी दाखवली. बराच वेळ बोलले नाहीत. मग खाली उतरून त्यांनी स्वतः नवं झाकण आणायला माणूस पाठवला.

त्याआधी गल्लीत संध्याकाळी धुराची गाडी फिरून गेली होती आणि लोकांना हायसं वाटलं होतं. धुराबद्दल माझं मत स्पष्ट आहे. त्यानं उडते डास मरतात, तेही धूर हवेत असेपर्यंत. एडिस दिवसा चावते, सकाळी आणि दुपार कलल्यावर जास्त. एरवी ती कपाटामागं, टांगलेल्या कपड्यांत, पलंगाखाली बसलेली असते. धूर आला की लोक दारं-खिडक्या लावून घेतात आणि ती आत सुरक्षित राहते. पाण्यातल्या अळीला तर धूर कळतही नाही. अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणजे आठवड्यातून एकदा पाणी मोडलं नाही, तर धुराच्या मागून नवी पिढी तयारच असते. साथ भडकलेली असताना घरात शिरून केलेल्या फवारणीला जागा आहे. भांडी तशीच ठेवून केलेल्या धुराला नाही.

भांडं नुसतं ओतूनही भागत नाही. एडिस पाण्यात अंडी सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओल्या कडेला चिकटवते. पाणी ओतलं तरी ती तिथंच राहतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. म्हणून बॅरलची आतली कडा काथ्यानं खसाखसा घासायची, मग उन्हात पालथं घालायचं. आशाताईंनी हे प्रत्येक दारात स्वतः घासून दाखवलं. तालमीनं रविवार हा कोरडा दिवस ठरवला आणि पोरं सकाळच्या जोर-बैठका संपवून गल्लीत फिरायला लागली. टायर भंगारात गेले. ओतता न येणाऱ्या टाक्यांत अळीनाशक पडलं. म्हशींच्या दगडी डोणीत मात्र गप्पी मासे सोडले, कारण जनावरं ते पाणी पितात आणि गोठ्याच्या मालकांना औषधाची धास्ती होती.

गोठ्यामागची भिंत

उरला गल्लीचा दुसरा प्रश्न, आणि तो चुकीचा नव्हता: काळा आजार इथं पसरू शकेल का? स्पर्शानं, एका ताटात जेवल्यानं, एका अंथरुणावर झोपल्यानं तो पसरत नाही. रुग्ण आहे, म्हणजे साखळीचा एक दुवा आहे. माशी असेल तर दुसरा. म्हणून माशी शोधणं भाग होतं.

हिवताप कार्यालयाचे कीटक समाहारक आले. वाळूमाशी पाण्यात वाढत नाही, त्यामुळं बॅरलांकडं त्यांनी पाहिलंही नाही. ते थेट गोठ्यात गेले. तिन्हीसांजेला टॉर्च तिरपा धरून मातीच्या भिंतीवरून फिरवला. भेगांच्या कडेला अगदी बारीक, राखी-पिवळसर, केसाळ काहीतरी बसलेलं दिसत होतं. दोन-तीन मिलिमीटर, डासाहून कितीतरी लहान. पंख पाठीवर मिटलेले नाहीत, वर उभे, व्ही आकारात. फुंकर मारली तर उडून दूर गेली नाही, भिंतीवरच टुणकन बाजूला सरकली. आवाज अजिबात नाही. या माशीला गुणगुण नसते, म्हणून चावली तरी लोकांना आठवत नाही, आणि साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून ती आत शिरते. शोषनळीनं काही पकडल्या. भेगांजवळ एरंडेल लावलेले कागद रात्रभर लावून ठेवले, सकाळी त्यांवर आणखी चिकटलेल्या होत्या.

जात ओळखायला माशी चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते, त्याला वेळ लागतो. तोवर थांबायचं नाही असं ठरलं. वाळूमाशीचं उडणं तोकडं असतं, थोड्याच अंतराचं आणि जमिनीलगतचं. बिहारमध्ये काळ्या आजारासाठी घराच्या आणि गोठ्याच्या भिंतींवर सहा फुटांपर्यंतच औषध फवारतात ते यामुळंच. इथंही गोठ्याच्या भिंतींना तेवढ्या उंचीपर्यंत फवारणी झाली. गोठ्याच्या मालकांनी मातीच्या भिंतीच्या भेगा लिंपून घेतल्या आणि शेणाचा ढीग भिंतीपासून लांब हलवला. अळ्या ओल्या, सडक्या मातीत महिना-दीड महिना वाढतात, तेव्हा ती जागा कोरडी ठेवणं फवारणीइतकंच मोलाचं आहे.

नंतर आलेल्या अहवालात पकडलेल्या बहुतेक माश्या सर्जेंटोमायिया या गटातल्या निघाल्या. या मुख्यतः पालींसारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांचं रक्त पितात, काळा आजार पसरवणारी जात वेगळी. गल्लीला हायसं वाटलं. पण भेगा लिंपल्या ते वाया गेलं असं मी म्हणणार नाही. नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावात 1965 मध्ये जो विषाणू पहिल्यांदा सापडला, तो मुलांच्या मेंदूवर चालून जातो. 2003 मध्ये आंध्र आणि विदर्भात, 2024 मध्ये गुजरातेत त्यानं मुलांचे जीव घेतले. तो विषाणू वाळूमाश्यांतच सापडला आहे, सर्जेंटोमायियातसुद्धा. मातीच्या भेगाळलेल्या भिंतीशेजारी लहान मुलं झोपत असतील तर ती भिंत लिंपलेलीच बरी.

उपचार, आणि भावाचे डाग

साखळी तोडायचा सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे रुग्ण बरा करणं. त्याच्या रक्तात परजीवी नसतील तर माशी असूनही काही करू शकत नाही. त्या तरुणाला लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी दिलं, वजनाच्या किलोमागं 10 मिलिग्रॅम, एकाच वेळी, सावकाश शिरेतून. हे औषध सलाईनमध्ये मिसळत नाहीत, ग्लुकोजमध्येच द्यावं लागतं. ते देण्याआधी एचआयव्हीची तपासणीही केली, कारण दोन्ही एकत्र असतील तर उपचाराचा हिशेब बदलतो. ती नकारात्मक होती. एके काळी याच आजारासाठी उपेंद्रनाथ ब्रह्मचारींचं युरिया स्टिबामाइन कित्येक दिवस टोचावं लागे, आणि त्यानंही लाखो जीव वाचले. आता एका दिवसात काम होतं. ताप आठवड्याच्या आत थांबला. महिन्याभरानं प्लीहा निम्म्यावर आली होती.

आता भावाचे डाग. काळा आजार बरा झाल्यावर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी काही जणांच्या कातडीवर फिकट चट्टे किंवा गाठी येतात. माणूस धडधाकट असतो, कामाला जातो, पण त्या चट्ट्यांत परजीवी जिवंत असतात आणि चावणाऱ्या माशीला मिळतात. घरात असा एक माणूस असला की माशीला वर्षानुवर्षं परजीवी मिळत राहतात. या तरुणाला तिथूनच आजार झाला असेल असं मला वाटतं. ते सिद्ध करता येणार नाही, पण सगळं तिकडंच बोट दाखवतं. भावाची माहिती काळा आजार निर्मूलन कार्यक्रमाच्या यंत्रणेमार्फत त्याच्या गावच्या आरोग्य केंद्रापर्यंत पोचवली. या डागांवर मिल्टेफोसिनच्या गोळ्या 12 आठवडे घ्याव्या लागतात. दुखत नसलेल्या डागासाठी एवढे आठवडे गोळ्या घेणं अवघड असतं, आणि म्हणूनच भावाशी फोनवर मी स्वतः बोललो. त्याला पटलं. गोळ्या सुरू झाल्याचं नंतर कळलं.

काळा आजार भारतात एकदा जवळजवळ संपत आला होता. 1950-60 च्या दशकांत हिवतापासाठी घराघरात डीडीटी फवारली, तिनं वाळूमाशीही मेली. ती फवारणी थांबल्यावर 1970 च्या दशकात बिहारमध्ये आजार पुन्हा उसळला. आता बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगालमध्ये तो दर तालुक्यात वर्षाला दहा हजारांमागं एक रुग्ण या मर्यादेच्या खाली आला आहे. रुग्ण कमी झाले की डॉक्टरांच्याही मनातून आजार निघून जातो. कोल्हापूर, इचलकरंजी, हुपरी इथं या राज्यांतून कामाला आलेली हजारो माणसं आहेत. त्यांच्यातल्या कुणाचा ताप दोन आठवड्यांवर गेला आणि प्लीहा लागली, तर गावाचं नाव विचारणं ही तपासणीचीच पहिली पायरी आहे.

खोल्या खाली झाल्या नाहीत. आबांनी पोरांना मुदत दिली होती, ती संपायच्या आधीच सून घरी आली आणि गच्चीवरच्या टाकीची गोष्ट गल्लीत फिरली होती. त्यांनी पोरांना राहायला सांगितलं, खिडक्यांना जाळ्या बसवून दिल्या. तालमीचा रविवार गणपतीत दोनदा चुकला, मांडवाच्या ताडपत्रीवर पाणी साचून त्यात अळ्या झाल्या. पोरांनीच ते शोधलं आणि ताडपत्री ताणून बांधली. सप्टेंबरच्या अखेरीला एक नवा रुग्ण मिळाला, त्यानंतर त्या मोसमात गल्लीत डेंग्यू नव्हता.

तो तरुण सहा महिन्यांच्या तपासणीला आला तेव्हा प्लीहा हाताला लागत नव्हती, वजन परत आलं होतं, तो फेटलिंगच्या कामावर रुजू होता. त्याच्या कार्डावर लिहून दिलं आहे: ताप पुन्हा आला किंवा चेहऱ्यावर, हनुवटीच्या आसपास, दंडावर फिकट डाग दिसले, तर गावी असो वा इथं, हे कार्ड दाखवायचं. आरके-३९ चाचणी बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं सकारात्मक राहते, म्हणून पुन्हा ताप आल्यास नुसत्या त्या चाचणीवर निर्णय घेऊ नये, हेही ठळक लिहिलं आहे. गावी गेल्यावर गोठ्याजवळ, जमिनीवर झोपायचं नाही आणि बारीक भोकांची, औषध लावलेली मच्छरदाणी वापरायची, हे त्याला मी सांगितलं. पुढची तपासणी वर्ष पूर्ण झाल्यावर आहे.